फाटकावरच्या मधुमालतीचे भजे

वहिनी, तुमच्या जाण्याने अल्लीपूरच्या सामाजिक जीवनात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे मी म्हणत नाही. तुमच्या शोकसभेत नानाजींनी माइक हातात घेऊन सांगितलं. नानाजी गावातल्या प्रत्येक शोकसभेत बोलतात आणि प्रत्येकाच्या जाण्याने अशीच पोकळी निर्माण होते. त्या सगळ्या पोकळ्या धरल्या तर गावात आता उभं राहायला जमीन उरलेली नाही. त्यांनी तुम्हाला 'साक्षात अन्नपूर्णा' म्हटलं, 'मातृहृदयी' म्हटलं. एकदा 'कर्तव्यदक्ष' असंही म्हटलं, ते बहुधा मागे वारलेल्या तलाठ्याच्या भाषणातून चुकून आलं असावं. समाज समोर सतरंजीवर बसला होता आणि कूलरच्या दिशेने सरकत होता. मे महिना होता, कोणाला दोष देता येत नाही.

माइक बंद झाल्यावर नानाजी खरं बोलले. दादांच्या शेजारी बसून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "पाहा भाऊ, झालं ते झालं. पन फाटकावरची ते वेल तेवढी तोडून टाका. त्या वेलीनंच खाल्लं बाईले."

दादांनी नानाजींपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. तुमच्या नवऱ्याने संसारात जेवढी वाक्यं उच्चारली ती एका पोस्टकार्डावर मावली असती. उत्तर दिलं ते तुमच्या सचिनने. "बरोबर आहे नानाजी. तेरवीच्या आधी तोडून टाकतो." नागपूरहून धावत आलेला पोरगा, आई बोलायलाही भेटली नव्हती. त्याला कोणावर तरी रागवायचं होतं आणि वेल हाताशी होती.

हिंगणघाटच्या डॉक्टरांनी हृदय सांगितलं होतं. तुमच्या उशाशी हृदयाच्या गोळ्या होत्या, त्या तुम्ही किती नियमाने विसरत होतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आदल्या संध्याकाळी तुम्ही मधुमालतीच्या फुलांचे भजे तळले होते, आणि गावाला तेवढं पुरलं. ते भजे दादांनी खाल्ले. वर्ध्याहून आलो होतो म्हणून मीही खाल्ले, आणि तुमच्यापेक्षा जास्त खाल्ले. मी हे नानाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमी लायब्ररीतले मानसं जी. तुमाले पचते."

वेलीचं मला एवढं काही नव्हतं. एक तुटली तर दुसरी लावता येते. पण तिला कुऱ्हाड लागली असती तर गावात कायमचं ठरून गेलं असतं की ही बाई स्वतःच्या हातचं खाऊन मेली. तुमच्या हातचं जेवायला आंजी गावचे पाहुणे काम नसताना काम काढून यायचे. त्या हाताच्या नावापुढे शेवटी विष लिहिलं जाणार होतं. हे मला सहन होईना. आणि नशीब पाहा, तुमची बाजू मांडायला उरला कोण, तर त्या भज्यांविरुद्ध आयुष्यभर बोललेला दीर.

मधुमालती आणली तीही माझ्याकडूनच. तुम्ही वर्ध्याला आला होतात आणि एका सरकारी क्वार्टरच्या कुंपणावर ती तुम्हाला दिसली. संध्याकाळी पांढरी, सकाळी गुलाबी, दुसऱ्या दिवशी लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. तुम्ही तिथल्या बाईला विचारून काडी तोडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसलात. पुढे ती फाटकाच्या कमानीवर अशी चढली की रस्त्याने जाणारे सायकल थांबवून वास घ्यायचे.

तुमचं समाधान मात्र झालं नाही. एकदा फाटकाशी उभ्या राहून तुम्ही म्हणालात, "दिसते मस्त. पन करते काय?"

तुमच्या अंगणात फुकट कोणी राहत नव्हतं. गुलाबाचा गुलकंद होत होता, हादग्याच्या आणि शेवग्याच्या फुलांची भाजी होत होती, तुळशीचा काढा होत होता. मधुमालतीच तेवढी नुसती फुलत होती. "पानी पेते, जागा खाते, तं काही देल्लं पाह्यजे ना जी तिनं." हा तुमचा हिशेब.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातला माणूस. जाडजूड पुस्तक काढून पाहिलं आणि पुढच्या खेपेला तुम्हाला सांगितलं, "वहिनी, ही शोभेची वेल आहे. खायची नाही."

"कोनं ठरवलं?"

"पुस्तकात लिहिलंय."

"लिहिनाऱ्यानं खाऊन पाह्यली का?"

"शोभेची म्हटल्यावर खायचा प्रश्न येत नाही."

"मंग नानाजी कोनत्या कामाचे हाये, ते तरी पाहा तुमच्या पुस्तकात."

तुमची चाखण्याची रीत मला अजून आठवते. आधी एक पाकळी जिभेवर ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत वाट पाहायची. मग एक अख्खं फूल, पुन्हा वाट. मग मूठभर फुलं, फोडणी देऊन. तुम्ही ठणठणीत राहिलात की दादांच्या ताटात, आणि दादा दुसऱ्या सकाळी उठून बसले की माझ्या ताटात. याला तुम्ही दिराचा मान म्हणत होतात.

फुलाची ती लांब हिरवट दांडी ओढून टाकायची, पाकळ्या तेवढ्या घ्यायच्या, बेसन, ओवा, तिखट, कोथिंबीर, आणि पीठ असं की फूल झाकलं जाईल पण बुडणार नाही. चव म्हणावी तर किंचित गोड, मागून थोडी तुरट, आणि बाकी सगळं बेसन. मी म्हणालो, "वहिनी, भज्यात काहीही घाला, जिंकतं बेसनच."

"मंग उद्या तुमच्या भज्यात रस्त्यावरची गिट्टी टाकीन."

तेव्हापासून आपला पाठ ठरला. तुम्ही विचारायचं, "कसे झाले भाऊजी?" मी म्हणायचं, "अजून जिवंत आहे." तुम्ही झारा दाखवायचा. जन्मभर आपण एकमेकांना तुम्ही-तुम्ही म्हणत भांडलो. आदराने भांडलं की भांडण फार टिकतं.

मग ते बियांचं वर्ष आलं. मधुमालतीला फळ क्वचितच धरतं. त्या वर्षी धरलं, पाच कंगोऱ्यांचं, करवंदापेक्षा थोडं लांबट. तुम्ही लगेच एक नियम तयार केलात की ज्याचं फूल गोड त्याचं बीही गोड. हा नियम तुमच्याआधी कोणी केलेला नव्हता आणि तुमच्यानंतरही कोणी करू नये. अर्धकच्चं फळ फोडून तुम्ही बी चाखलं. खोबऱ्यासारखं लागलं. चांगलं लागलं म्हणून वाट पाहायची स्वतःची रीतही मोडलीत आणि ओंजळभर खाऊन मोकळ्या झालात.

थोड्या वेळाने तुम्हाला उचकी लागली.

दुसऱ्या कुठल्या मुलखात बाईला अशी उचकी लागली असती तर कोणीतरी विचारलं असतं, काय खाल्लं. आपल्याकडे शेजारच्या सुमनकाकू आल्या आणि म्हणाल्या, "कोनीतरी आठवन काढून राह्यलं." एकदा हे ठरलं की उपाय एकच, योग्य नाव घेतलं की उचकी थांबते. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

"गिरडवाला भाऊ असंन." उचकी.

"मंग मोठी बहीन." उचकी.

गिरडचं तुमचं सगळं माहेर संपलं. सासरचं खानदान संपलं. शाळेतल्या मैत्रिणी निघाल्या. नानाजी काहीतरी कामाने आले होते, त्यांनी खाकरून सांगितलं की दुपारी त्यांनीही तुमची आठवण काढली होती. उचकी थांबली नाही, त्याचा त्यांना थोडा अपमान वाटला. जिवंत माणसं संपल्यावर सुमनकाकू मेलेल्यांकडे वळल्या. "सासूबाई असंन बापा, वरून."

त्यावर दादा बोलले. "मायनं जित्तेपनी कधी आठवन नाई काढली हिची. आता कायले काढते."

तुम्ही हसायला गेलात आणि ओकलात. चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी विचारलं, "वहिनी, काय खाल्लं?" तुम्ही फाटकाकडे बोट दाखवलं. जीप काढली, हिंगणघाटला नेलं, सलाइन लागली, सकाळपर्यंत तुम्ही सावरलात. ग्रंथालय उघडताच मी फोनवरून तिथल्या सहकाऱ्याला ते पुस्तक काढायला लावलं. या वेलीचं बी पोटातल्या जंतांवर जुनं औषध आहे, पण जास्त झालं, किंवा कच्चं खाल्लं, तर उचक्या, ओकारी, चक्कर. हे मी कागदावर उतरवून घेतलं आणि तुमच्या खाटेशी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. सावकाश, शब्द न गाळता.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे जंत तं गेले असतीन."

पण त्यानंतर तुम्ही तुमचा नियम स्वतःच मोडीत काढलात. फळ दिसलं की हिरवं असतानाच तोडून खड्ड्यात पुरायचं आणि लेकरांना हात लावू द्यायचा नाही. भजे फक्त फुलांचे. मी म्हणालो, "ज्याचं बी असं, त्याच्या फुलाचा काय भरवसा?" तुम्ही विचारलंत, "सीताफळ खाता ना? त्याच्या बियानं उवा मरते. म्हनून सीताफळ सोडलं का तुमी?"

 सीताफळ मी आजही सोडलेलं नाही.

एक मुद्दा मी राखून ठेवला होता. बकरी काहीही खाते, पण मी पाहिलं तेव्हा फाटकातली बकरी त्या वेलीला तोंड लावत नव्हती. तर मग माणसाने का खावी? हा मुद्दा या उन्हाळ्यात मांडणार होतो. आता मांडला काय आणि न मांडला काय. तरी तुमचं उत्तर मला ऐकू येतं. बकरी भजे तळत नाई, भाऊजी.

गावाने यातलं सीताफळ लक्षात ठेवलं नाही, उचकी लक्षात ठेवली. म्हणून तुम्ही गेल्यावर एवढ्या लवकर सगळ्यांना कारण सापडलं.

तुमची सुटका केली ती नानाजींनीच. शोकसभेच्या भाषणात, अन्नपूर्णा आणि कर्तव्यदक्ष यांच्या मधे कुठेतरी, त्यांनी आवाज चढवून सांगितलं होतं, "तेरवीच्या दिवशी माउलीच्या आवडीचा पदार्थ प्रत्येकाच्या पानात पडला पाहिजे. आणि प्रत्येकाने तो खाल्ला पाहिजे. ही आपल्या गावाची परंपरा आहे." परंपरा आहे खरी. तुम्हाला माहीतच आहे, गेलेल्याच्या आवडीचा घास न खाता पानात टाकून उठणं म्हणजे त्याच्याशी वैर सरलेलं नाही, असं अल्लीपुरात समजतात. त्यामुळे तेरवीला माणसं कारल्याची भाजीसुद्धा मुकाट्याने खातात.

तेरवीच्या सामानाचं ठरत होतं. सचिनने विचारलं, "आईला काय आवडायचं?" कोणी बुंदी म्हणालं, कोणी वडे. भिंतीला टेकून बसलेले दादा म्हणाले, "फुलाचे भजे."

सचिनने सामानाची यादी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाबा, लोक खातीन का ते?"

"आवडीचं इचारलं. सांगतलं."

सचिनने माझ्याकडे पाहिलं. भज्यांचा जुना वैरी म्हणून माझा आधार मिळेल असं त्याला वाटलं असणार. मी म्हणालो, "नानाजींनी माइकवर सांगितलंय. आता गावाची परंपरा मोडायची कशी?"

"ठीक आहे काका," तो म्हणाला. "तेरवीपर्यंत थांबतो. पण लोकांनी ते पानात तसेच टाकले, तर दुसऱ्या दिवशी वेल तोडणार. मग मला कोणी काही म्हणायचं नाही."

एवढ्यावर सौदा झाला.

आचाऱ्याने हात जोडले. "साहेब, बुंदी पाडतो, वडे तळतो. हे नाई. उद्या कोनाचं पोट दुखलं तं मायं नाव." म्हणून तेरवीच्या सकाळी तुमची कढई मी चुलीवर चढवली. त्याआधी आयुष्यात मी पापडसुद्धा तळलेला नव्हता. फुलं दादांनी तोडली. प्रत्येक घोस उलटा करून, कुठे फळ धरलं आहे का पाहून, दांड्या ओढून, पाकळ्या टोपलीत. तुमची रीत त्यांनी इतकी वर्षं मुकाट्याने पाहिली होती आणि एकही पायरी चुकवली नाही. माझं पीठ मात्र पातळ झालं. पहिला घाणा कढईत विरघळून गेला. सुमनकाकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. पदर खोचून पुढे आल्या. "सरका जी. एक मयत बस झाली या घरात."

तुमच्या फोटोपुढे पहिलं पान मांडलं. मग पंगत बसली. नानाजी मधोमध, त्यांच्या शेजारी मुद्दाम मी. वरण, भात, वडे, कढी, बुंदी, सगळं वाढून झालं आणि शेवटी दादा स्वतः टोपलं घेऊन आले. प्रत्येकाच्या पानात भजे पडत गेले आणि प्रत्येक जण आधी भज्याकडे आणि मग नानाजींकडे पाहू लागला. कोणी हात लावेना.

नानाजींनी पानातलं भजं बोटाने उलटं केलं. "हे कायचे हाये, भाऊ?"

"तिच्या आवडीचे," दादा म्हणाले. "तुमीच सांगतलं होतं ना जी, माइकवर."

"हो, सांगतलं. पन मी काय म्हनतो—"

ते काय म्हणत होते हे गावाला कधीच कळणार नाही, कारण तेवढ्यात मी माझ्या पानातलं भजं उचलून तोंडात टाकलं. नानाजी माझ्याकडे पाहत राहिले. सारी पंगत पाहत राहिली. भांडारगृहाच्या दारात सचिन उभा होता, तोही पाहत होता. मी चावलं. गिळलं.

"कसे हाये?" नानाजींनी विचारलं.

तुमचाच प्रश्न, वहिनी. माझं ठरलेलं उत्तर जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "चांगले आहेत. फार चांगले आहेत."

दादा टोपलं घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी माझ्या पानात आणखी दोन टाकले.

नानाजींनी भज्याचा कोपरा मोडला. डोळे मिटून खाल्ला, नंतर डोळे उघडून उरलेलं खाल्लं.  त्यांनी जीभ टाळ्याला लावली, विचार केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. "मीठ थोडं कमी झालं."

त्या क्षणी तुम्ही जिंकलात. विषाला मीठ कमी पडलं असं कोणी म्हणत नाही. पंगतीचे सगळे हात एकदम भज्यांकडे गेले. मग नानाजींनीच आवाज दिला, "आना ना भाऊ इकडे, गरम असंन तं." दुसरी पंगत बसली तेव्हा लोक वाढप्याला बुंदी राहू दे म्हणत होते. बायकांच्या पंगतीला भजे पुरेनात तेव्हा सचिन स्वतः शिडी लावून कमानीवर चढला. खालून दादा ओरडत होते, "फळ पाह्यजो रे. फळ दिसलं तं वेगळं टाकजो." मी माझ्या भावाला एवढी वाक्यं एका दमात बोलताना प्रथमच ऐकलं. आचारी शेवटी झारा घेऊन सुमनकाकूंच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि पिठात ओवा किती म्हणून विचारू लागला. त्याची बुंदी घमेलंभर उरली.

दुसऱ्या सकाळी सचिनने आधीच सांगून ठेवलेला कुऱ्हाडवाला आला. सचिनने त्याला चहा पाजला, अंगणात फिरवला आणि विहिरीजवळचं वाळलेलं बोरीचं झाड दाखवलं. फाटकाच्या कमानीखालून दोघं गेले तेव्हा वेलीचा विषय निघाला नाही. नागपूरला परत जाताना सचिनच्या बॅगेत ओलं फडकं होतं. 

तेव्हापासून रोज कोणी ना कोणी काडी मागायला येतं. दादा फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येकाला बजावून सांगतात, "फूल खाजो. बी नाई. बीनं उचक्या लागते, आन् मंग साऱ्या खानदानाचे नावं घ्या लागते." लोक हसतात, दादाही हसतात. घरात एकटे पडतील ही माझी धास्ती होती. सध्या त्यांना जेवायला उठवावं लागतं. हे तुमचं काम आहे, वहिनी, आणि मी ते तुमच्या खात्यात न कुरकुरता मांडतो. तुमच्या हाताला लागू पाहणारा डाग गेला आहे. गावात आता भजे म्हटलं की तुमचं नाव निघतं, आणि ते घेताना कोणी आवाज खाली करत नाही. परवाच्या एका शोकसभेत नानाजींनी सांगितलं की मधुमालतीचे औषधी गुण त्यांना लहानपणापासून माहीत होते.

वेल शाबूत आहे. तिच्यावर फूल मात्र एकही नाही. सकाळ व्हायच्या आत लोक तोडून नेतात, नानाजींची सून तर पिशवी घेऊनच येते. तुमच्या फोटोला सध्या प्लास्टिकचा हार आहे.